भाऊ आयटीआय फिटर पास झालाय – तालुक्याला ८ हजारावर ठेवू का चाकणला पाठवू? कुणी अप्रेंटिस केलंय का?

केजची_ताई

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ २० वर्षांचा आहे, दोन वर्षाचा फिटर (मशीनचे पार्ट बसवायचं काम) ट्रेड केला, यंदा पास झाला. आईवडील ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की कोल्हापूरकडं, ते डायरेक्ट उन्हाळ्यातच येतात. मी लग्न होऊन जवळच दिलेय, ब्लाऊज शिवते, त्यामुळं भावाचं सगळं मीच बघते. मुकादम दोन वर्षांपासून वडिलांच्या मागं लागलाय की पोरगा तरणाबांड झालाय, त्याचं लग्न लावून द्या म्हणजे अजून एक कोयता (ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी) होईल, उचल म्हणजे आगाऊ पैसे मी देतो. वडील अजून नाही म्हणतायत पण किती दिवस म्हणतील माहीत नाही. मला काहीही करून ह्या वर्षी त्याला कामाला लावायचंय, ह्या वर्षी नाही गेला तर तो फडातच जाणार हे मला दिसतंय.

आता दोन गोष्टी समोर आहेत. एक म्हणजे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, तालुक्याला एका ऑफिसात जागा आहेत म्हणाले, आयटीआयवाल्याला महिन्याला ८ हजार. घरी राहून होईल, आजी पण एकटी आहे. दुसरं, गावातल्या एका पोराच्या ओळखीनं एक कॉन्ट्रॅक्टर आहे, तो म्हणतो पुण्याजवळ चाकणला मोठ्या कंपनीत अप्रेंटिस (शिकाऊ) लावतो, १४ हजार हातात, पण आधी ४५०० रजिस्ट्रेशनचे भरायचे आणि आयटीआयची ओरिजनल मार्कशीट आणि टीसी त्यांच्याकडं जमा करायची, वर्षानं परत मिळेल. भाऊ म्हणतो चाकणलाच जातो. १४ हजार ऐकून आई पण फोनवर हो म्हणली. मला ४५०० चं काही नाही, शिलाईचे आहेत माझ्याकडं, पण कागद द्यायचं मन होईना. कुणी केलं असेल तर खरं काय ते सांगा.

भोसरी_टेक्निशियन

ताई आधी एक सांगतो, ओरिजनल मार्कशीट कुणालाच द्यायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजनल घरात पेटीत. कागद त्याच्याकडं राहिला तर पोरगा अडकतो, मधे चांगली जागा निघाली तरी जाता येत नाही आणि इथं काही बिनसलं तरी सोडता येत नाही. आणि अप्रेंटिसला लागायचे पैसे भरायचे नसतात, कंपनी आपल्याला पैसे देते, उलटं नसतं.

मी परळी साइडचा. माझे वडील पण तोडीलाच जायचे म्हणून तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी २०१८ ला चाकणला आलो, एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत अप्रेंटिस, हातात साडेआठ यायचे. काम जड नव्हतं, आपल्या लेकराला फडातलं काम माहीत असतं, आठ तास उभं राहणं काहीच वाटत नाही. अवघड काय होतं तर पहिला पगार. मी ३ तारखेला जॉइन झालो आणि पहिले पैसे पुढच्या महिन्याच्या १२ ला आले. तोपर्यंत ४० दिवस खायचं काय? महाळुंगेला कॉट बेसिसवर रूम होती, सहा जण, कॉटचे पैसे अॅडव्हान्स, वर डिपॉझिट. मेसवाली मावशी चांगली होती, एक महिना उधार चालवायची पण दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला वही घेऊन दारात उभी. तिचं पण बरोबरच होतं, तिचं घर त्यावरच चालायचं. आमच्या रूममधला एक नांदेडचा पोरगा होता, माझ्यापेक्षा हुशार, व्हर्निअर कॅलिपर बघून पटकन रीडिंग सांगायचा, मला त्यानंच शिकवलं. तेविसाव्या दिवशी गेला. रात्री बॅग भरली आणि सकाळच्या एसटीनं गेला. मेसवालीनं खातं बंद केलं होतं आणि घरी पैसे मागायचं त्याच्या जिवावर आलं. सुपरवायझर म्हणाला "ह्या पोरांना टिकायचंच नसतं". मला आजही त्या वाक्याचा राग येतो. त्याला टिकायचं होतं ओ, २५०० रुपये कमी पडले.

म्हणून माझं सांगणं, ते ४५०० कॉन्ट्रॅक्टरला देऊ नका, ते आणि अजून थोडे असे सात आठ हजार भावाच्या हातात द्या पहिल्या दीड महिन्यासाठी. तेवढे असले की तो राहतो. मी वर्षभरानं परीक्षा दिली, सर्टिफिकेट घेतलं, आता भोसरीत एका युनिटला परमनंट आहे, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन बघतो. वडिलांची तोड बंद करून ४ वर्षं झाली.

सोनपावलं_धाराशिव

ताई मी ती युवा कार्य प्रशिक्षणवाली योजना केलीय म्हणून त्याचं सांगते. मी बीए आहे त्यामुळं मला १० हजार होते, बारावीवाल्यांना ६ आणि आयटीआय डिप्लोमावाल्यांना ८. आधी ६ महिन्यांची होती, नंतर ५ महिने वाढवून मिळाले, म्हणजे एकूण ११. माझं बाळ दीड वर्षाचं होतं, मला गाव सोडून जाणं शक्यच नव्हतं, त्यामुळं माझ्यासाठी ही योजना देवासारखी आली हे मी मनापासून सांगते. आवक-जावक शिकले, कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकले, चार माणसांत बोलायची भीती गेली. पहिल्यांदा स्वतःच्या खात्यावर पैसे आले तो मेसेज मी अजून डिलिट केला नाही.

पण दोन गोष्टी. पैसे वेळेवर येतील असं धरून चालू नका, माझे एकदा अडीच महिने आले नव्हते, हजेरी वरती पाठवायची राहिली होती. आणि ११ महिने संपले की संपलं, परमनंट करण्याचं कुठंही लिहिलेलं नाही. बरेच जण ह्याच आशेवर बसले, मोर्चे काढले, उपोषणं केली, त्यांचं दुःख मला समजतं कारण काम आम्ही बाकीच्यांसारखंच करत होतो. पण तुम्ही सुरुवातीलाच हे मनात धरून चला.

आणि तुमचा भाऊ फिटर आहे हो. फिटरनं ऑफिसात बसून झेरॉक्स काढायच्या, टपाल फिरवायचं, ह्यात त्याचे दोन वर्षाचे हात गंजून जातील. ही योजना फक्त सरकारी ऑफिसापुरती नाही, खाजगी कारखाने पण त्यात नोंदवलेले असतात. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर जिल्हा टाकून बघा, एखादा साखर कारखाना नाहीतर एमआयडीसीतलं वर्कशॉप निघालं तर ८ हजारात घरी राहून मशीनवर काम मिळेल, आजीकडं पण लक्ष राहील. तसं नसेल तर माझं मत अप्रेंटिसच.

एक विसरले. खात्याला आधार लिंक आहे का हे बँकेत जाऊन विचारा, केवायसी वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यावर यायला) आधार जोडलेलं असणं वेगळं. माझ्या सोबतच्या एका मुलाचे तीन महिन्याचे पैसे आलेच नाहीत म्हणून तो रडकुंडीला आला होता, शेवटी कळलं की सिमकार्ड घेताना कुठलंतरी खातं उघडलं गेलं होतं आणि सगळे पैसे त्यात पडून होते.

जुना_टूलरूमवाला

मी ३१ वर्षं शॉप फ्लोअरवर काढली, पिंपरीत, नंतर चाकणला. शेवटची आठ वर्षं अप्रेंटिस पोरं माझ्याच हाताखाली असायची, त्यामुळं आतलं जरा सांगतो.

ताई, तुम्हाला कॉन्ट्रॅक्टर जे सांगतोय ते अप्रेंटिस नाही, असं मला ९९ टक्के वाटतं. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार, त्याला १९६१ चा कायदा आहे. कंपनी आणि पोरगा ह्यांच्यात करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, त्याचा नंबर पडतो. कॉन्ट्रॅक्टर ज्याला अप्रेंटिस म्हणतात तो बऱ्याचदा त्यांचा "ट्रेनी" असतो, म्हणजे काम कामगाराचं आणि कागद कशाचाच नाही. पूर्वी नीम ट्रेनी असायचे, एआयसीटीई ह्या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेची स्कीम होती ती, नंतर त्यांनीच बंद केली, पण "ट्रेनी" हा शब्द मात्र गेटवर तसाच राहिला. तेव्हा त्या माणसाला एकच विचारा, कराराचा नंबर देणार का आणि करारावर कंपनीचं नाव असेल का तुमचं. त्याच्या उत्तरावरून समजेल.

पैशाचं सांगतो. आयटीआय पास पोराला नियमानं कमीत कमी ७ हजार, डिप्लोमाला ८, ग्रॅज्युएटला ९. हे २०१९ ला ठरलेले किमान आकडे, त्याच्यावर कंपनी कितीही देऊ शकते आणि चाकण, संभाजीनगरजवळचं वाळूज अशा पट्ट्यांत बरेच जण देतात, कारण ७ हजारात पोरं राहूच शकत नाहीत हे त्यांनाही कळतं. पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत पैसे द्यायचे असतात. अजून एक, सरकारचा वाटा असतो, स्टायपेंडच्या २५ टक्के पण जास्तीत जास्त १५००, तो आता थेट पोराच्या खात्यावर येतो, कंपनीकडून वेगळे आणि सरकारकडून वेगळे. दर बॅचला माझ्याकडं दोन तीन पोरं यायची, साहेब कंपनीनं १५०० कापले. कापले नसायचे, मागून यायचे, पण ते कुणी समजावूनच सांगितलेलं नसायचं आणि १५०० म्हणजे त्या पोराची अर्धी मेस असते.

१४ हजार आणि ७ हजार असा नुसता हिशोब करू नका ही विनंती. वर्षाच्या शेवटी परीक्षा असते, पास झाला की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, ते आयुष्यभर कामाला येतं. ट्रेनीला वर्षानं काय मिळतं तर ब्रेक, म्हणजे काम बंद.

पण सगळंच गोड आहे असं पण म्हणणार नाही. पीएफ नाही, अप्रेंटिस कामगार धरत नाहीत. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळं काही जण शिकवायला घेतात आणि काही जण नुसते आकडा भरायला आणि लाइनवर हात कमी पडतात म्हणून. एकाच स्टेशनवर वर्षभर चार बोल्ट टाइट करायला लावलेली फिटरची पोरं मी बघितलीत, वर्ष संपल्यावर त्यांना साधं ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. माझ्या हातात होतं तोवर मी दर दोन महिन्यांनी पोरं फिरवायचो, मशीन शॉप, असेंब्ली, मेंटेनन्स, क्वालिटी. मॅनेजर ओरडायचा की आउटपुट पडतंय. पडायचंच, शिकणारा माणूस हळूच करतो. पण त्यातलीच पोरं आज लाइन लीडर आहेत.

आणि हे भावाला बसवून सांगा. पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं मशीन) पहिल्या आठवड्यात बसवलं तर नाही म्हणायचं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस पडायला नको, अशी सोय असते. प्रॉडक्शन वाढावं म्हणून कुणी एक बटण टेप लावून दाबून ठेवलं असेल तर त्या मशीनला हात लावायचा नाही, सरळ सुपरवायझरला सांगायचं, तोच म्हणत असेल तर वरती जायचं. मी एका १९ वर्षाच्या पोराचा रुमालात गुंडाळलेला हात धरून गाडीत बसलोय. दोन बोटं. त्याचा करार नोंदवलेला होता म्हणून नुकसानभरपाई मागता आली, कायद्यात तशी तरतूद आहे. नोंदवलेला नसता तर गेटवरच म्हणाले असते हा आमचा नाहीच. ओव्हरटाइम पण अप्रेंटिसला परवानगीशिवाय लावता येत नाही. बारा तास उभ्या पोराला झोप येते आणि बोटं झोपेतच जातात.

केजची_ताई

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री सगळं भावाला वाचून दाखवलं, बोटांचं वाचल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

आज कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला, स्पीकरवर ठेवून. विचारलं कराराचा नंबर मिळेल का, कंपनीचं नाव असेल का. तो म्हणला आधी पैसे भरा मग जॉइनिंग लेटर व्हॉट्सअॅपला टाकतो. मी म्हणलं लेटर आधी दाखवा. त्यानं गावातल्या दुसऱ्या पोराचं टाकलं, त्यावर ट्रेनी लिहिलंय आणि कंपनीचं नावच नाही, त्याच्याच फर्मचं आहे. ओरिजनलचं विचारलं तर म्हणला पोरं मधेच पळून जातात म्हणून ठेवतो. मी फोन ठेवला. त्या दुसऱ्या पोराच्या घरी पण संध्याकाळी जाऊन आले, त्यांनी मार्कशीट दिलीय आधीच, त्याची आई लई घाबरली. ती परत कशी घ्यायची ते पण सांगा कुणी.

आणि अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर मी नाव टाकायचा प्रयत्न केला पण कंपन्या शेकड्यानं दिसतात, कुठली खरी कुठली कशी काही कळेना. तिकडं अर्ज करून कुणी बोलवतं का खरंच?

निदेशक_मराठवाडा

ताई, मी शासकीय आयटीआयला शिकवतो. नुसतं पोर्टलवर बसून राहू नका. भावानं ज्या आयटीआयमधून ट्रेड केला तिथं जाऊन सरांना भेटायला सांगा, लाजायचं नाही, पास झालेल्या पोराला लावून देणं हे आमचं कामच आहे. जिल्ह्याला बीटीआरआय म्हणून केंद्र असतं, शिकाऊ उमेदवारीचं सगळं तिथून चालतं, करार खरा का खोटा हे ते बघून सांगतात. शिवाय आयटीआयमध्ये अप्रेंटिसशिपचे मेळावे भरतात, कंपन्यांची माणसं समोर बसलेली असतात, तिथं विचारायचं राहायची सोय आहे का, कँटीन आहे का, बस आहे का, स्टायपेंड किती. कँटीन आणि बस असली की ९ हजार हे बाहेरच्या १२ च्या बरोबरीचे होतात हे लक्षात ठेवा.

फिटरला सरकारी ठिकाणं पण चांगली आहेत. रेल्वेची वर्कशॉप आहेत, परळ, माटुंगा, भुसावळ, तुम्हाला जवळचं म्हणजे कुर्डुवाडी. मध्य रेल्वेची जाहिरात निघते, परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर मेरिट लागतं, दहावीला ५० टक्के पाहिजेत, वय १५ ते २४. तिथं अप्रेंटिस पूर्ण केली म्हणजे नोकरी लागली असं नाही, पण नंतर रेल्वेच्या लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा अशा पोरांसाठी राखीव असतात, हा मोठा फायदा आहे. ओझरचं एचएएल (विमानांचा सरकारी कारखाना), मुंबईचं माझगाव डॉक (जहाजांचा) हे पण फिटर घेतात. महावितरणच्या जाहिराती दिसतील पण त्या इलेक्ट्रिशियन, वायरमनसाठी असतात, त्यात वेळ घालवू नका. फक्त एक, अप्रेंटिस एकदाच होते, एका ठिकाणी पूर्ण केली की त्याच ट्रेडला दुसरीकडं घेत नाहीत, त्यामुळं रेल्वेची वाट बघायची का कंपनीत लगेच जायचं हे आधी ठरवा. तुमच्या घरची परिस्थिती बघता मी म्हणेन दिवाळीच्या आत जे खरं आणि नोंदणीचं मिळेल ते धरा, मुकादमाच्या आधी.

पीएम इंटर्नशिप कुणी सुचवलं तर सांगून ठेवतो, ती २१ ते २४ वयासाठी आहे, महिन्याला ५ हजार आणि सुरुवातीला एकदाच ६ हजार. भाऊ २० चा आहे म्हणजे आत्ता बसत नाही.

त्या दुसऱ्या पोराच्या मार्कशीटचं, त्याला आयटीआयला पाठवा आमच्यासारख्या कुणाकडं, आधी कॉन्ट्रॅक्टरला लेखी मागणी करायची, व्हॉट्सअॅपला पण चालेल, तारीख राहते. नाही दिली तर पोलीस स्टेशनला अर्ज. बऱ्याचदा अर्जाचं नाव काढलं तरी कागद परत येतो. आईला सांगा, डुप्लिकेट पण निघते, पोराचं शिक्षण कुठं जात नाही.

भोसरी_टेक्निशियन

सरांनी सगळं सांगितलंच. मी एवढंच म्हणेन की चाकणच पाहिजे असं काही नाही, वाळूज पण बघा. तुमच्याकडून जवळ आहे, बजाजनगरला आपल्या भागातली लई माणसं राहतात, रूम स्वस्त पडते. सुट्टीला आजीला भेटून येता येईल.

केजची_ताई

तीन आठवड्यांनी लिहितेय. भाऊ आयटीआयच्या मेळाव्याला गेला होता. वाळूजची एक कंपनी, स्टायपेंड ९५००, एक वेळचं जेवण कँटीनला. करार त्यानं मला फोटो काढून पाठवला, नंबर आहे, कंपनीचं नाव आहे, आणि बीटीआरआयला जाऊन पण दाखवून आला, ते म्हणले बरोबर आहे. मार्कशीट पेटीत आहे, आजीच्या लुगड्याखाली. मावसबहीण बजाजनगरला आहे, महिनाभर तिच्याकडं राहील मग रूम बघेल. ४५०० मी त्याला दिले आणि वडिलांनी उचलीतले ३ हजार फोन पे केले, मुकादमाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. आधार बँकेत जाऊन बघितलं, लिंक नव्हतं, आता केलंय, सोनपावलं ताई तुमच्यामुळं.

त्या दुसऱ्या पोराची मार्कशीट पण आली परत, पैसे नाही आले अजून.

सोमवारी जॉइन व्हायचंय. टूलरूमवाले काका, एक विचारायचं राहिलं, सेफ्टी शूज कंपनी देते का घेऊन जायचे? त्याला ९ नंबर लागतो, इथं बाजारात ९ चा मिळंना.

जुना_टूलरूमवाला

कंपनी देते, पण पहिल्या दिवशीच मापाचे मिळतील असं नाही. ८ नंबरचे दिले तर घालायचे नाहीत, स्टोअरला ९ लिहून द्यायला सांगा. तोवर जाड चामड्याचा बंद बूट, चप्पल नको. सुती मोजे दोन जोड, आणि हातातला दोरा, अंगठी, कडं काहीतरी असेल तर घरीच काढून ठेवायला सांगा, ड्रिल मशीनमध्ये अडकतं.